जन्मकथा केव्हां सांगावी?

परक्याचें बीज अथवा दुसऱ्या स्त्रीची कूस यांच्या साह्यानें झालेलें मूल पुढें मनानें निरोगी राहील काय, ही शंका सुशिक्षित घरांतूनही हलक्या आवाजांत विचारली जाते. तिला आतां आधारानें उत्तर देतां येतें. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठाच्या सूझन गोलोम्बोक यांनीं अशा ६५ कुटुंबांची, नैसर्गिक रीतीनें अपत्य झालेल्या ५२ कुटुंबांशीं तुलना केली. मुलें तान्हीं असल्यापासून वीस वर्षांचीं होईपर्यंत ही पाहणी चालली. निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यांत भेद आढळला नाहीं. फरक दिसला तो सांगण्याच्या वेळेनें: सात वर्षांच्या आंत ज्यांना आपली जन्मकथा कळली, त्यांचे आईशीं संबंध अधिक जिव्हाळ्याचे होते.

आपल्या एकत्र कुटुंबांत गुपित फार काळ टिकत नाहीं. आईनें न सांगितलेलें एखाद्या लग्नघरीं आत्याच्या तोंडून निसटतें, आणि मग मुलाला दुःख होतें तें जन्माचें नव्हे, लपवालपवीचें. म्हणून आम्ही आईबापांस सुचवितों कीं, मूल मांडीवर बसून गोष्टी ऐकतें त्याच वयांत ही गोष्टही सांगावी. आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं ती ऐकतांना मान खालीं घालूं नये.