चीक निघाला का?

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवार होता. ताई आणि भाचा आमच्याकडे संत तुकाराम नगरात आले होते. दिवसभर घरात बसून मॅच बघण्यापेक्षा पोराला कुठेतरी फिरवून आणा, असं फर्मान निघालं. आम्हा पिंपरीकर आयटीवाल्यांचा निसर्ग म्हणजे घोरावडेश्वर. गाडी काढायची, हायवेनं अर्ध्या-पाऊण तासात पायथ्याशी पोचायचं, पायऱ्या चढायच्या, लेण्यातल्या महादेवाला नमस्कार करायचा आणि येताना मिसळ हाणायची. ठरलेला कार्यक्रम.

उतरताना वाटेच्या कडेला एक झुडूप दिसलं. पुरुषभर उंच, राखाडी-हिरव्या गोल जाडजूड फांद्या, अंगभर काटे आणि पान एकही नाही. "मामा, हे काय आहे?" मामांनी लगेच फोन काढला. झाडं ओळखणारं अ‍ॅप आहेच. एक फोटो, दोन सेकंद, आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा कॅक्टसचं भारदस्त लॅटिन नाव. "कॅक्टस आहे रे," मी म्हणालो. मलाही ते पटलंच होतं. हिरवं, जाड, काटेरी, बिनपानाचं. कॅक्टस नाही तर काय?

भाचा नऊ वर्षांचा. हातात काठी. मी फोन खिशात ठेवेपर्यंत त्यानं तलवारीसारखी काठी फिरवून एक फांदी उडवली आणि पुढच्या क्षणी डोळा धरून खाली बसला.

बाटलीत जेवढं पाणी उरलं होतं तेवढं डोळ्यावर मारलं आणि गाडी थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं काय लागलं. मी छातीठोकपणे सांगितलं, कॅक्टस. त्यांनी पापणी उलटून काटा किंवा कुसळ शोधलं. काहीच सापडलं नाही. थेंब लिहून दिले, आम्ही घरी आलो. रात्री नऊच्या सुमारास डोळा लालभडक. पोराला ट्यूबलाइटचा उजेडही सहन होईना.

तेवढ्यात आईचा फोन आला. आई साताऱ्याकडची, बालपण शेतावर गेलेलं. सगळं ऐकून तिनं एकच प्रश्न विचारला.

"चीक निघाला का?"

भाच्याला विचारलं. हो म्हणाला, दुधासारखं पांढरं काहीतरी उडालं होतं. "अरे मग निवडुंगाचा चीक गेलाय डोळ्यात! काटा कसला शोधताय?"

रात्रीच डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठलं. चीक म्हटल्याबरोबर त्यांच्या हालचाली बदलल्या. आधी डोळा भरपूर धुतला, मग बुबुळ तपासलं, औषधं बदलली, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. हा चीक लगेच दाखवतो त्यापेक्षा जास्त त्रास काही तासांनी, कधीकधी एक-दोन दिवसांनी देतो, म्हणून. दहा दिवसांत डोळा निवळला. सुटलो.

नंतर बरेच दिवस पहिल्या डॉक्टरांवर मनातल्या मनात चिडत होतो. पण खरं सांगायचं तर बग रिपोर्ट माझा होता आणि तोच चुकीचा होता. हापिसात एखादा टेस्टर नुसतं "डेटाबेस गंडलाय" असं लिहून पाठवतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? बाबा रे, निष्कर्ष नको, काय दिसलं ते सांग. "फांदी तुटली, पांढरा चीक डोळ्यात उडाला" एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं, झाडाचं नाव माहीत नसतं तरी. मी निरीक्षण गिळलं आणि नाव सांगितलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला तो बसलाच. वाचायला लागलो तसं कळलं की मी फसलो तिथे भलेभले फसतात. कॅक्टसचं सगळं कूळ मुळात अमेरिका खंडातलं. आपल्या डोंगरांवर जी मांसल खोडाची काटेरी झुडपं मूळची आहेत ती युफोर्बियाच्या, म्हणजे एरंडाच्या कुळातली. दोघांचा संबंध फार लांबचा. पण कोरड्या, तापलेल्या जमिनीवर टिकायचं तर पाणी खोडात साठवा, पानं टाकून द्या आणि गुरांपासून वाचायला काटे लावा, हे उत्तर दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस सारखा, आतला कोड पूर्ण वेगळा.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात आधी चीक. युफोर्बियाला जरा खरचटलं तरी पांढरा दाट चीक येतो. (मुद्दाम खरचटून बघू नका, झाडाला आधीच कुठेतरी इजा झालेली असते, तिथे वाळलेला चीक दिसतो.) आपल्याकडे रानात दिसणारं कॅक्टस म्हणजे फड्या निवडुंग. त्याचा रस पाण्यासारखा, बुळबुळीत. मग काटे. फड्याच्या अंगावर छोट्या गादीसारखे ठिपके असतात आणि एकेका ठिपक्यातून काट्यांचा झुबका निघतो, सोबत बारीक कुसळं. आपल्या काटेरी युफोर्बियाचे काटे जोडीनं, शिंगांसारखे, पान जिथे येतं तिथेच. मग फूल. फड्याचं फूल मोठं, पाकळ्यांचं आणि नंतर लालचुटुक बोंड. युफोर्बियाचं "फूल" म्हणजे एक इवलीशी वाटी, पाकळ्यांचा थाट नाही, आणि फळ तीन कप्प्यांचं. एवढं बघितलं तरी कूळ ठरतं. पुढे मग खोडाला धारा किती, ते गोल आहे का, पानं केवढी, हे बघत जातीपर्यंत जायचं.

गंमत म्हणजे मराठी नावांनी यातलं निम्मं काम करून ठेवलंय. आपण "निवडुंग" म्हणून दोन्ही कुळांना एकाच पोत्यात भरलं, हे खरं. पण पुढचं विशेषण बघा. फडा काढल्यासारखा तो फड्या. तीन धारांचा तो त्रिधारी. वईला, म्हणजे कुंपणाला लावायचा तो वई निवडुंग. बिनकाट्याचा, पेन्सिलीसारख्या फांद्यांचा तो शेर. फड्या सोडला तर बाकीचे तिन्ही चिकाचे. आपण "कॅक्टस" म्हणायला लागलो आणि विशेषणं गळून पडली. माझ्या मते नुकसान झालं ते तिथे.

चुकीच्या ओळखीचा याहून मोठा किस्सा इतिहासात आहे. ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग हवा होता. तो देणारा कोचिनील किडा फड्या निवडुंगावर वाढतो. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे आले, पण ते भलत्याच जातीचे. रंगाचा धंदा काही जमला नाही, पण त्या किड्यांनी इथे पसरलेला एका जातीचा फड्या मात्र खाऊन साफ केला. ते बघून दुसऱ्या जातीच्या फड्यावरही तेच किडे सोडून पाहिले, तर ते ढिम्म हलेनात! त्या जातीसाठी १९२६ मध्ये श्रीलंकेहून वेगळा किडा आणावा लागला. माणसांना किडा ओळखता आला नव्हता, किड्याला मात्र निवडुंगाची जात बरोबर कळत होती :-)

आता अ‍ॅपबद्दल. मी त्याच्यावर रागावलेलो नाही, रोजचं पोट मी अशाच गोष्टींवर भरतो. माझी तक्रार एवढीच की ते प्रश्न विचारत नाही. फोटोत चीक दिसत नाही, मार्चमध्ये पानंही दिसत नाहीत, तरी ते दोन सेकंदांत नाव देऊन मोकळं होतं. जुन्या लोकांची रीत वेगळी होती. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक हे मूळचे इंजिनीअर, रेल्वेत पूल बांधून मग पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे प्राचार्य झालेले. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. अशा ग्रंथांत एक किल्ली असते. हे आहे का? असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे. निव्वळ इफ-एल्स. प्रत्येक पायरीवर तुम्हाला झाडाकडे पुन्हा बघावं लागतं आणि चुकलात तर कुठल्या पायरीवर चुकलात ते सापडतं. अ‍ॅपनं नाव देण्याआधी एकदा जरी "चीक निघाला का?" असं विचारलं असतं, तर मी थांबलो असतो. हे करणं अवघड नाही. फक्त उत्तर द्यायला दोन सेकंदांऐवजी दोन मिनिटं लागतील आणि तेवढा धीर आपल्याला आहे का, हा खरा प्रश्न.

जुलैत भाच्याला घेऊन पुन्हा गेलो, या वेळी साध्या चष्म्यासकट. झुडूप ओळखू येईना! फांद्यांच्या टोकांना वीतभर लांब, जाड पानांचे झुबके. खोड गोल, धारा नाहीत, काटे जोडीनं. माझ्या हिशेबानं युफोर्बिया निवुलिया. पण नाव मी शेवटी सांगितलं. आधी त्याला वहीत काय काय दिसतं ते लिहायला लावलं. त्यानं पहिल्या ओळीत लिहिलं, "पांढरा चीक. हात लावायचा नाही."

आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "निवडुंगच. आता कळलं ना?"

कळलं. आणि अजून एक, कधी वेळ आलीच तर चोळू नका. मिळेल त्या स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहा, मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आणि तिथे गेल्यावर झाडाच्या नावाआधी चीक होता की काटा, ते सांगा.