‘हलके खा’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात कर्जत तालुक्यातल्या एका गावात आरोग्यावरचे व्याख्यान ऐकले, तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आतड्याला सूज येते ती जड खाण्याने. ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगे ही कष्टकऱ्यांची खाणी. बसून काम करणाऱ्याने पेज, पाव, टोस्ट असे हलके खावे. पोटात जंतू माजू देऊ नयेत, महिन्यातून एकदा जुलाब घेऊन आतडे धुऊन काढावे. एवढे करूनही बिघडलेच, तर जिवाणूंच्या कॅप्सूल आहेत. लोक माना डोलवत होते. माझ्या पुढे बसलेली एक आजी शेजारणीला म्हणाली, “म्हंजी आपन जलमभर चुकीचंच खाल्लं का गं?” तिच्यासाठी हे लिहितो आहे.

हलके म्हणजे कोणाला हलके? मैदा आणि पांढरा भात बहुतेक लहान आतड्यातच पचून जातो, मोठ्या आतड्यापर्यंत फारसे काही पोचत नाही. वक्त्यांना हाच त्याचा गुण वाटतो. पण मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची वस्ती आहे, तिने काय खायचे? भाकरीतला आणि कडधान्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तोच त्यांचा घास. ते तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा या ब्युटिरेटमधून मिळवतात, आणि दाह आवरण्याचे कामही तेच करते. आपण जिवाणूंना जेवू घालायचे आणि त्यांनी अस्तराला, असा हा व्यवहार आहे. बैलाचा कडबा तोडून ‘त्याला आराम दिला’ असे कर्जतचा कोणता शेतकरी म्हणेल? बैलाच्या पोटातही कडबा पचवतात ते जिवाणूच.

आणि उपाशी वस्ती गप्प बसत नाही. आतड्याच्या भिंतीवर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. जिवाणू आणि भिंत यांच्यातला तो बांध. चोथा मिळेना झाला, की काही जिवाणू हा बांधच खायला लागतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, माणसाच्या आतड्यातले जिवाणू पोटात सोडलेल्या उंदरांना चोथा नसलेले खाणे दिले. थर झिजला, आणि वरून रोगजंतू दिल्यावर आतड्याला जबर सूज आली. उंदरांचे उदाहरण पटत नसेल, तर 2015 चा माणसांवरचा प्रयोग घ्या. आफ्रिकी वंशाचे 20 अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले 20 जण यांच्या जेवणाची 2 आठवडे अदलाबदल केली. खेड्यातले भरपूर चोथ्याचे जेवण जेवलेल्या अमेरिकनांचे ब्युटिरेट वाढले, आतड्यातल्या दाहाच्या खुणा कमी झाल्या. चरबीचे, कमी चोथ्याचे जेवण मिळालेल्या खेडुतांचे नेमके उलटे झाले. 2 आठवड्यांत एवढे, आणि आमचे वक्ते सगळ्या गावाला जन्मभर पाव-टोस्ट खायला सांगतात!

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा दिला आहे, बाजरीत 11 च्या वर. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात 3 पेक्षाही कमी. गव्हाच्या सबंध पिठातही 11 च्या आसपास आहे, तेव्हा चपातीशी माझे वैर नाही. भांडण आहे ते मैद्याशी आणि चाळणीशी.

हे भांडण जुने आहे. 1972 च्या दुष्काळात खाल्लेल्या लाल मिलो ज्वारीच्या आठवणीने माझे चुलते भाकरीलाच विटले होते. पुढे जिल्ह्यात पाटपाणी आणि ऊस वाढला, तसा भाकरीचा मान आणखी उतरला. पाहुण्याला चपाती आणि गड्याला भाकरी, हे मी घरोघर पाहिले आहे. मुलीला दिवस गेल्यावर ‘भाकरी जड पडेल’ म्हणणाऱ्या व्याह्यांशी मी वाद घातला होता. खरे तर त्यांना ती पोटाला जड वाटत नव्हती, प्रतिष्ठेला जड वाटत होती. तोच कमीपणा आता आरोग्याचे नाव घेऊन व्यासपीठावर चढला आहे.

जुलाबाविषयी एवढेच : तो चांगले-वाईट निवडत नाही, सगळेच वाहून नेतो. कॅप्सूल काही ठराविक आजारांत डॉक्टर देतात, ते वेगळे. पण वैरण नसलेल्या गोठ्यात नवी जनावरे आणून बांधली तर ती किती दिवस टिकतील?

वक्त्यांच्या बोलण्यात खरेपणा आहे तो एका जागी. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोनचा आजार भरात असताना डॉक्टर चोथा कमी करायला सांगतात. आतडे अरुंद झाले असेल तर तो अडकूही शकतो. त्या रुग्णाने तेच ऐकावे आणि गोळ्या सोडू नयेत. भाकरीने हे आजार बरे होतात असे मी म्हणत नाही. त्यांत आनुवंशिकता आहे, शरीराची प्रतिकारशक्तीही आहे. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. आतड्याचा क्षय क्रोनसारखाच दिसतो. त्याचा निवाडा तपासणीनेच होतो. पण आजाऱ्याचे पथ्य सगळ्या गावावर लादणे ही चूक आहे.

मग खावे काय? आपल्या जिल्ह्यात पिकते तेच, आणि एकच एक नको. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि इतर पिकांचे गावठी बियाणे जपले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वेगवेगळ्या चोथ्यावर वेगवेगळे जिवाणू जगतात, म्हणून बियाण्याची ही विविधता ताटात यायला हवी : आज मटकी, उद्या हुलगे, परवा वाल. एकदम वाढवले तर पोट फुगते. हळूहळू वाढवावे, पाणी भरपूर प्यावे.

आजी, तुम्ही चुकीचे खाल्ले नाही. पीठ काठवटीत घेताना चाळणी बाजूला ठेवा. नातवाच्या ताटातला पाव काढा आणि तिथे चतकोर भाकरी ठेवा. सुरुवातीला चतकोरच, त्याच्या पोटातल्या वस्तीला सवय झाली, की तो अर्धी मागेल.