परसबाग : शेवळ आणि त्याचे सोबती

ज्येष्ठातील पहिल्या सरी कोसळल्या की पनवेलच्या बाजारात आदिवासी स्त्रिया जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या मांडून बसतात. जुडीबरोबर मूठभर हिरवी, आंबट फळे असतात. कोंब शेवळाचे, फळे काकडाची. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असल्याने घसा खाजतो. काकडाचा रस ती खाज मारतो, हा कोकणातील स्वयंपाकघरांचा जुना अनुभव.

शेवळ ही सुरणाची जंगली बहीण. सह्याद्रीच्या झाडांखाली, कुजलेल्या पाल्यात ती वर्षानुवर्षे टिकते. आधी फुलोरा येतो, पान मागाहून. भाजी होते ती न उमललेल्या फुलोऱ्याची. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरांना म्हणूनच हे झाड पाहण्याजोगे आहे : कंद जमिनीतच राहतो. फुलोरा घ्यावा की नाही, हे अर्थात ज्याच्या त्याच्या नियमावर.

व्यापारी घराला हिशेब लगेच उमगेल. कंद हे मुद्दल, फुलोरा हे व्याज आणि पावसाळाभर उभे राहणारे पान ही जमेची बाजू. पान कापले की कंद रोडावतो. सगळेच फुलोरे तोडले की बी धरत नाही. रानात आज नेमके हेच घडते. त्यातच पनवेलभोवतीच्या टेकड्यांवर बांधकाम चढत आहे.

परसात आंब्याच्या सावलीत, पाणी न साचणारी भुसभुशीत जागा निवडावी आणि पालापाचोळा झाडून टाकू नये. (आपल्याकडे अंगण स्वच्छ ठेवण्याच्या हौसेत झाडांचे खतच कचऱ्यात जाते!) सोबतीला हळद उत्तम. तीही विरळ सावली सोसते, पावसाळ्यात जमीन झाकते आणि हिवाळ्यात शेवळाबरोबरच सुकते. त्यामुळे दोघांचे पाणी एकाच वेळी थांबवता येते. हळदीची पाने पातोळ्यांना उपयोगी पडतात, तो वेगळाच लाभ. काकडाचा वृक्ष मोठा होतो, तेव्हा तो कुंपणाशीच लावावा.

भाजी करताना बाहेरची आवरणे सोलून आतील बुंध्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकावा. उरलेले बारीक चिरून काकडाच्या रसात चांगले शिजवावे. सोबत भिजवलेली चणाडाळ छान लागते. कच्चे मुळीच चाखू नये. पहिल्या वर्षी तर जाणत्या विक्रेतीकडूनच ओळख पटवून घ्यावी आणि लावलेल्या झाडांपैकी निम्म्या फुलोऱ्यांना हात लावू नये. ते उमलले की चार दिवस दुर्गंध येईल. माश्या येतील, बी धरेल.