कॉम्प्युटर तुमचा, कागद आमचे

मागच्या महिन्यात नांदेडात एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेलो होतो. काम साधं होतं, पुतणीच्या नॉन-क्रिमीलेअरची प्रिंट काढायची. पोरानं 'डाउनलोड्स' उघडलं आणि माझी फाईल शोधत खाली-खाली जायला लागला. स्क्रीन माझ्याकडंच वळलेली. आधार, सातबारा, जातीचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, कुणाचा तरी दवाखान्याचा रिपोर्ट, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या एका बाईचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येक फाईलला माणसाचं नाव दिलेलं. म्हणजे उघडून बघायचीही गरज नाही. त्यातली दोन नावं माझ्या ओळखीची निघाली.

म्हटलं, "दादा, हे डिलीट का करत नाहीस?"

"सर, लोक परत येतेत की. कागद इथं असला की त्यांचंच काम लवकर होतंय."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याच्या मनात पापही नव्हतं. म्हणूनच हे लिहावं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकारसाहेब, ही तर जुनीच गोष्ट. जुनी आहे, कबूल. पण हीच सवय आता कॉम्प्युटरच्या आतच बसवून विकली जातेय, आणि आपल्याकडं त्यावर एक ओळ छापून येत नाही.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. दर काही सेकंदांनी कॉम्प्युटर स्वतःच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार. नंतर तुम्ही "परवा तो निळ्या रंगाचा फॉर्म बघितला होता" असं टाईप केलं की मशीन तो काढून दाखवणार. ऐकायला झकास. पण बाजारात यायच्या आधीच सुरक्षेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की हा सगळा साठा मशीनमध्ये साध्या वाचता येण्याजोग्या स्वरूपात पडलेला आहे. कुणी आत घुसलं की आयता माल. ओरड झाली. जून २०२४ मध्ये कंपनीनं माघार घेतली, सोय पुढं ढकलली, साठ्याला कुलूप घातलं, "तुम्ही हो म्हणाल तरच चालू होईल" असं ठरवलं. एप्रिल २०२५ पासून ती नव्या 'कोपायलट प्लस' मशीनवर येऊ लागली.

कंपनीचं उत्तर ठरलेलं आहे. फोटो तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये राहतात, आमच्याकडं येत नाहीत. चालू करायचं का नाही, मर्जी तुमची.

माझं भांडण या 'तुमच्या' शब्दाशी आहे. तुमच्या म्हणजे नेमकं कुणाच्या?

ज्या देशात एका माणसाला एक लॅपटॉप असतो, तिथं हे उत्तर थोडंफार चालून जाईल. आपल्याकडं कंधार, मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा, कुठल्याही तालुक्याला या. एका मशीनमागं अख्खं गाव असतं. पीकविम्याचा फॉर्म तिथंच. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीच्या रांगा तिथंच लागल्या आणि २०२५ मध्ये ई-केवायसीला बाया परत तिथंच आल्या, तेव्हा त्यांच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचाही आधार मागितला. ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवायचा, मागच्या रांगेनं ऐकायचा. मशीन केंद्रवाल्याचं. 'हो' किंवा 'नाही' विचारणार त्याला. आणि स्क्रीनवर जिचं आयुष्य उघडं पडलंय त्या बाईला? तिला कुणीच विचारणार नाही. तिला तर फोटो निघतोय हेही कळणार नाही.

परवानगी मशीनच्या मालकाची आणि माहिती समोरच्याची. सगळी गोम इथं आहे.

हे फक्त अडाणी माणसाबद्दल नाही. माझ्याच धंद्याचं घ्या. एखादा कर्मचारी मला गैरव्यवहाराचा कागद सिग्नलवर पाठवतो, मेसेज आपोआप पुसला जाईल अशी सोय लावून. पण माझ्या मशीननं त्याआधीच स्क्रीनचा फोटो काढून ठेवला असेल तर त्याच्या पुसण्याला अर्थ काय? नोकरी त्याची जाणार. सिग्नलनं मे २०२५ मध्ये आपल्या विंडोज ॲपमध्ये असे फोटो निघू नयेत म्हणून बंदोबस्त केला, तो उगाच नाही.

"आपल्याच मशीनमध्ये आहे ना, मग कशाला भ्यायचं?" असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रातलीच गोष्ट आठवावी. २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त झाला. २०२१ मध्ये बोस्टनच्या आर्सेनल कन्सल्टिंगनं बचाव पक्षासाठी तपासणी करून अहवाल दिला की त्या लॅपटॉपमध्ये कुणीतरी बाहेरून घुसून बावीस महिने वावरत होतं आणि फायली त्यांच्या नकळत ठेवल्या गेल्या. तपास यंत्रणेनं हे मान्य केलेलं नाही. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा. पण 'माझं मशीन' म्हणजे माझा वाडा आणि किल्ली माझ्या कमरेला, हा भ्रम तरी सोडा.

दुसरा आवडता डायलॉग, "आपल्याकडं लपवण्यासारखं हायेच काय?" बरं. मग शेजाऱ्याला तुमच्या कर्जाचा आकडा सांगू? पोरीचं लग्न जमत असताना तिच्या आजारपणाचा कागद चौकात लावू? लपवणं म्हणजे गुन्हा नसतो हो. घराला दार असतं, म्हणून घरातले सगळे चोर ठरतात का?

लातूरची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. हजारो लेकरं तिथं नीट-जेईईच्या तयारीला येऊन राहतात, बहुतेक अठराच्या आतली. त्यांचे फॉर्म, मार्क, फोटो, बापाचा मोबाईल नंबर, सगळं कुठल्या ना कुठल्या काउंटरवरून जातं. जून २०२४ मध्ये नीट प्रकरणात नांदेडच्या एटीएसनं लातुरात कारवाई केली, तेव्हा संशयितांच्या मोबाईलमध्ये परीक्षार्थींची प्रवेशपत्रं सापडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच दिल्या. गुन्ह्याचं काय ते न्यायालय बघेल. पण लेकराचं प्रवेशपत्र किती मोबाईलमधून फिरू शकतं, एवढं तरी त्यातून दिसलं की नाही? मग हीच प्रवेशपत्रं फोटो काढून ठेवणाऱ्या मशीनवर उघडली तर काय होईल, हा विचार कोण करणार?

प्रामाणिकपणे सांगतो, आज आपल्या केंद्रांवर ही नवी मशीन जवळपास नाहीत. रिकॉलला किमान १६ जीबी रॅम आणि खास चिप लागते, आणि आपल्याकडं दहा वर्षांचा डबा रडत-रडत चालतो. पण आज पुण्या-मुंबईच्या ऑफिसात असलेली मशीन चार-पाच वर्षांनी सेकंडहँड होऊन कुठं येतात? आपल्याकडंच. तेव्हा सेटिंग कोण तपासणार? आणि कुलूप आहे म्हणता, तर दुकानातल्या मशीनचा पिन चहावाल्या पोरालाही पाठ असतो.

कायदा नाही असंही नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला आणखी १८ महिन्यांची मुदत. मात्र याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलमात केलेला बदल लगेच लागू! म्हणजे अधिकाऱ्याची माहिती झाकायला घाई, आणि आमच्या कागदांना दीड वर्ष थांबा.

उद्या एखाद्या शेतकऱ्याला तक्रार करायची झाली तर कुठं करायची? दिल्लीकडच्या मंडळाकडं, ऑनलाइन. म्हणजे परत त्याच केंद्रात जाऊन, त्याच मशीनवर, त्याच पोराकडून ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे!

म्हणून दिल्लीची वाट न बघता नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडं माझी जाहीर मागणी आहे. आपले सरकार सेवा केंद्रांचा कारभार तुमच्या अखत्यारीत येतो. दराचा बोर्ड लावायला सांगता, तसाच दुसरा बोर्ड लावायला सांगा:

१. काम झालं की ग्राहकाच्या समोर त्याची फाईल पुसली जाईल, रिसायकल बिनमधूनही.
२. या मशीनवर स्क्रीनचे फोटो किंवा रेकॉर्डिंग घेणारी कुठलीही सोय चालू नाही.
३. ग्राहकाचा कागद केंद्रचालकाच्या खासगी व्हॉट्सॲपवर मागवला जाणार नाही.

याला एक रुपया खर्च नाही. तहसीलचा माणूस महिन्यातून एकदा जाऊन 'डाउनलोड्स' उघडून बघेल, तेवढी तपासणी पुरे.

आणि आपण? काउंटरवरून उठायच्या आधी एवढंच म्हणा, "दादा, माझी फाईल काढून टाका, मी थांबतो." लाजू नका. मी त्या दिवशी थांबलो. पोरानं माझी फाईल पुसली, हसला आणि म्हणाला, "सर, असं म्हणणारे तुम्ही पहिलेच."

पहिला असल्याचा मला काही आनंद झाला नाही. मागं रांगेत वीस माणसं उभी होती.

पटलं तर पुढं पाठवा. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन. फक्त कमेंटमध्ये कुणाच्या आधारचा फोटो टाकू नका.