शांतता कोणाच्या वाट्याला?

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारीच्या पत्र्याविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु हा विषय अखेरीस माझ्या बालरुग्णांपाशीच येऊन थांबतो, म्हणून हे धारिष्ट्य.

गतवर्षी मी माझ्या मोटारीत ध्वनिरोधक आवरण बसवून घेतले. उड्डाणपुलांच्या सांध्यांवरचे दणके, रिंगरोडवरील अखंड हॉर्न आणि महामार्गावरची टायरांची घरघर यांनी दिवसअखेर डोके जड होई. कारागिराने दारांची आतली आवरणे उतरवली, पत्रा पुसून कोरडा केला आणि अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेले ब्यूटिल रबराचे तुकडे रोलरने दाबून चिकटवले. तत्त्व सोपे आहे. पातळ पत्रा ढोलकीच्या पुडीसारखा थरथरतो; चिकट रबर ती कंपने शोषून त्यांचे किंचित उष्णतेत रूपांतर करते. त्यासाठी सारा पत्रा झाकावा लागत नाही. मोठ्या सपाट भागांचा मध्य झाकला तरी पुष्कळ गुण येतो. हवेतून येणारा आवाज अडवण्यास मात्र तळाशी जड, लवचीक थर हवा आणि दारांचे रबर शाबूत हवे. स्वस्त डांबरी पट्ट्यांचा मोह टाळावा. सुरतेच्या उन्हात त्यांना वास सुटतो.

आराम मिळाला, हे प्रांजळपणे कबूल करतो. पण काही दिवसांनी ध्यानात आले की, माझाच हॉर्न मला कमी ऐकू येतो आणि म्हणून मी तो अधिक वाजवतो! ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. तेथील मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल. आम्हीच काचा बंद करून ती मोडतो.

त्याच सुमारास अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला घेऊन मी व्याऱ्याहून सुरतेस रुग्णवाहिकेतून आलो. वाटेत त्याचा रंग पालटल्यासारखा वाटला. स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, तर ठोक्यांऐवजी पत्र्याचा खडखडाट कानी आला. अखेर गाडी रस्त्याकडेला थांबवून ठोके ऐकावे लागले. बाळ बचावले, पण माझ्या मोटारीतील शांतता त्या रात्री मला बोचली.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्येच नवजात अतिदक्षता कक्षात ४५ डेसिबलवरील आवाज चिंतेचा मानला. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, हे लक्षात घेतले म्हणजे धावत्या रुग्णवाहिकेतील स्थिती उमजेल. मोठ्या आवाजाने अशा अर्भकांच्या हृदयाची गती बदलते, रक्तातील प्राणवायू घटू शकतो, झोप मोडते. कक्षात आपण हळू बोलतो, आणि तेथवर पोहोचवताना मात्र त्याच बाळाला गोंगाटात ठेवतो.

म्हणून माझे मत असे की, ध्वनिरोधक आवरणाची पहिली गरज डॉक्टरांच्या मोटारीला नसून रुग्णवाहिकेच्या रुग्णकक्षाला आहे. ते आतल्या आवरणामागे बसवावे, म्हणजे स्वच्छतेस बाधा येणार नाही. प्राणवायूची नळकांडी जवळ असल्याने साहित्य सहज पेट न घेणारे असावे, आणि फोम पाणी न शोषणारा. चालकास बाहेरचे ऐकू येणे अगत्याचे, तेव्हा त्याचा कक्ष तसाच ठेवावा. मोकळ्या रस्त्यावर रात्री सायरन बंद ठेवण्यास तर एक पैसाही लागत नाही.

आवरणाने सारा आवाज नाहीसा होणार नाही, हे जाणून आहे. पण ठोके मोजता आले, यंत्राचा इशारा कानी पडला, तरी पुष्कळ साधेल. आपल्या मंडळाने एका रुग्णवाहिकेपासून आरंभ करावा. माझ्या मोटारीवर झाला तेवढा खर्च मी प्रथम देतो.