वरातीमागून घोडं

मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या, आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाने जावाच्या मोड्यूलांवर लिहावं, म्हणजे जरा आगाऊपणाच. पण निवृत्तीनंतर हौसेने जावा शिकलो, शाळेसाठी प्रश्नपेढीचा एक प्रोग्राम लिहिला, आणि त्यात जे भोगलं (माझ्याच अज्ञानाने, दोष कुणाला नाही) त्यामुळे या विषयाबद्दल डोक्यात जो राग बसला तो काही जात नाही. तेव्हा मंडळी, आज ऐकून घ्या.

माझ्या प्रोग्रामला दोन तयार लायब्ररी लागायच्या. एक प्रश्नपत्रिकेची पीडीएफ करणारी, दुसरी एक्सेलमधली यादी वाचणारी. या दोघींना पुन्हा तिसरीच एक लायब्ररी हवी. पण एकीला जुनी आवृत्ती, दुसरीला नवी. जावा क्लासपाथवर ओळीने शोधत जातं आणि हवा तो क्लास ज्या जार फाइलीत आधी सापडेल तिथला उचलतं. पुढची आवृत्ती असून नसल्यासारखी. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असावीत आणि हजेरीला पहिल्यानेच दोघांचं ‘हजर’ म्हणावं, तसलं काम! घरी चालणारा प्रोग्राम शाळेच्या संगणकावर मधेच मान टाकायचा, कारण तिथे मी जार फाइलींची नावं वेगळ्या क्रमाने लिहिली होती. हे कळायला मला दोन आठवडे लागले.

आता गंमत बघा. यावरचं उत्तर केव्हाच तयार होतं. १९९९ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन ओएसजीआय नावाची व्यवस्था सुरू केली, ती मुळात घरगुती उपकरणांच्या जोडणीसाठी. प्रत्येक जारने आपल्याला काय लागतं, आपण बाहेर काय देतो आणि कोणत्या आवृत्तीचं, हे स्वतःच्या मॅनिफेस्टमध्ये लिहायचं. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात. २००४ साली इक्लिप्सने आपला सगळा डोलारा त्यावर उभा केला आणि तो चालला.

मग सन कंपनीने काय करावं? २००५ मध्ये जेएसआर २७७ म्हणून आपली वेगळी चूल मांडली. तिकडे आयबीएमने जेएसआर २९१ मधून ओएसजीआयलाच मान्यता मिळवून घेतली. म्हणजे एकाच मंडळाच्या दप्तरात एकाच कामाचे दोन अर्ज! २७७ पुढे बारगळला. २००८ च्या डिसेंबरात जिगसॉ आलं, २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या घरी गेली, आणि जिगसॉ जावा ७ मधून ८ मध्ये, ८ मधून ९ मध्ये ढकललं गेलं. नापास मुलाने दर वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणावं, तसं. मे २०१७ मध्ये कार्यकारी समितीपुढे मतदान झालं, तर १३ विरुद्ध १० मतांनी प्रस्ताव नापास. विरोधकांत आयबीएम आणि रेड हॅट होत्या. जूनमध्ये फेरमतदान, २४ बाजूने, रेड हॅट तटस्थ. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ बाहेर आलं.

आणि या सगळ्या यज्ञातून माझ्या दोन आवृत्त्यांचं काय झालं? काही नाही. आवृत्ती निवडणं हे आमचं काम नाही, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ते मेव्हनसारख्या साधनांनी बघावं. बरं, मेव्हन तरी काय करतं? दोघींतली एक निवडतं.

जिगसॉची बाजू मला कळत नाही असं नाही. जावाचं स्वतःचं पोट अफाट वाढलं होतं, सगळं एका rt.jar—म्हणजे ‘आरटी डॉट जार’ नावाच्या गाठोड्यात. त्याचे तुकडे करणं बाहेरून बसवलेल्या ओएसजीआयला जमणारं नव्हतं. आतल्या खोल्यांत लोक खुशाल शिरत होते, त्यांना कुलूप हवंच होतं. ओएसजीआयचे मॅनिफेस्टही लिहून बघा, घाम फुटतो. पण घराच्या भिंती दुरुस्त करणं वेगळं आणि त्या दुरुस्तीलाच ‘जावाची मोड्यूल व्यवस्था’ म्हणून सगळ्या गावावर लादणं वेगळं.

मी शाळेत असताना, १९६२ साली, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम सरकारने मान्य केले. ‘नांव’, ‘कांही’ वरचा अनुस्वार गेला. आमचे गुरुजी चिडले होते, पण तो अनुस्वार लोकांच्या तोंडून केव्हाच गेला होता. नियमाने तो फक्त कागदावरून काढला. प्रमाण असं ठरवायचं असतं. इथे उलटं. लोक जे वापरत होते ते बाजूला ठेवून मालकाने नवीन काढलं, आणि लोकांना जे टोचत होतं ते तसंच ठेवलं.

नातू म्हणतो, “आजोबा, तुम्ही अजून त्यातच?” त्याला म्हटलं, अरे, जावाने जुना क्लासपाथ बंद कुठे केलाय? माझी प्रश्नपेढी अजून त्यावरच चालते. नवी आवृत्ती आधी, जुनी नंतर. हा क्रम मी एका चिठ्ठीवर लिहून शाळेच्या संगणकाला चिकटवलाय. परवा गेलो तेव्हा चिकटपट्टी सुटत आली होती, नवी लावून आलो.