तिसरी परीक्षा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा रोगपरीक्षेच्या तीन रीती आयुर्वेदानें सांगितल्या आहेत. पैकीं तिसरीचा आम्हांस केवढा विसर पडला होता, हें गेल्या संक्रांतीस बोरीस आमच्याच ओसरीवर कळून आलें.

आमचा एक जुना विद्यार्थी खोकत तिळगूळ घेण्यास आला. दोन वर्षें आम्ही त्यास अडुळशाचा काढा सांगत आलों होतों. आमच्या पुतण्याची पत्नी पुण्याकडील एका कारखान्यांत परिचारिका आहे. ती सणास आलेली होती. तिनें विचारलें, "भाऊ, काम कोणतें करतां? छाती कोणत्या दिवशीं अधिक दाटते?"

"हंगामांत जिनिंगमध्यें असतों, वहिनी. सुटीनंतर पहिल्या दिवशीं फार दाटते. मग उतरत जातें."

तो कापसाच्या धुळींत राबतो, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें!

या धुळीच्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. आरंभीं तो सुटीनंतरच्या पहिल्या दिवशींच त्रास देतो. वर्षानुवर्षें धूळ फुप्फुसांत जात राहिल्यास मात्र दम कायमचा जडतो. म्हणून कारखान्यांतील जाणती परिचारिका कामापूर्वीं व कामानंतर मजुराचा श्वास यंत्रानें मोजून दोन्ही आंकडे टिपून ठेवते.

तिचा हा प्रश्न नवा नव्हे. इटलींतील वैद्य रामाझिनी यानें १७०० सालीं धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहून, रोग्यास त्याचें काम विचारलेंच पाहिजे, असें बजावलें. १८७८ मध्यें इंग्लंडांत नॉर्विच येथील कोलमन यांच्या मोहरीच्या कारखान्यांत फिलिपा फ्लॉवरडे ही परिचारिका नेमली गेली. ती सकाळीं दवाखान्यांत डॉक्टरांस साह्य करी व दुपारीं आजारी कामगारांच्या घरीं जाई. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानें पांचशेंहून अधिक कामगार असतील तेथें परिचारिकेसह उपचारगृह आवश्यक केलें; लहान जिनिंग कारखाने मात्र त्या अटीबाहेर राहिले. जेथें परिचारिका नाहीं, तेथें हा प्रश्न डॉक्टरांनीं आणि घरच्यांनींच विचारावयास हवा.

सूनबाईनें त्यास परभणीस जाऊन श्वास मोजून घेण्यास, आणि डॉक्टरांस खोकल्याआधीं आपलें काम सांगण्यास बजावलें. काढ्यानें धूळ हटत नाहीं.

वाचकहो, एक कबुली देणें प्राप्त आहे. ही मुलगी सांगून आली, तेव्हां 'परिचारिका' या शब्दावर घरांत प्रथम नाक मुरडलें तें आम्हींच.